मागच्या वर्षीचं रीडिंग

वनस्पती शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त हाताळलं जातं ते मागच्या बॅचचं जर्नल. पोटोमीटर कपाटात कुलपाआड असतो आणि मुलं ओळीने बसून हायड्रिला या पाणवनस्पतीच्या बुडबुड्यांचे आकडे उतरवतात. ते बुडबुडे त्यांच्यापैकी कुणीही मोजलेले नसतात.

सापगाव या खेड्यातून ये-जा करत मी हा कोर्स केला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. इथे विज्ञान शिकवलं जात नाही, खोटे आकडे नीटनेटके लिहायची सवय लावली जाते.

गॅनाँगचा पोटोमीटर घ्या. फांदी पाण्याखाली कापावी लागते, नाहीतर जलवाहिन्यांत हवा शिरते आणि पाण्याची सलग धार तुटते. बुचाभोवती व्हॅसलीन लावायचं, केशनलिकेत हवेचा एक बुडबुडा घ्यायचा आणि तो ठरावीक वेळात किती सरकला ते टिपायचं. पहिल्या खेपेला बूच बहुधा गळतंच. बुडबुडा जागचा हलत नाही. खरं शिकणं इथे सुरू होतं, कारण आता गळती शोधावी लागते, फांदी पुन्हा कापावी लागते, डोकं चालवावं लागतं. नेमकं याच क्षणी ‘वेळ संपली, रीडिंग लिहून घ्या’ असा आदेश येतो. हे उपकरण बाष्पोत्सर्जन थेट मोजत नाही, फांदीने ओढून घेतलेलं पाणी मोजतं. ज्याने सोबत फांदीचं वजनही करून पाहिलं, त्यालाच हा फरक नीट उमगतो. बाकीचे तो तोंडी परीक्षेपुरता पाठ करतात.

उपकरणं नाहीत ही सबब मला मान्य नाही. स्टीफन हेल्सने कुंडीतल्या सूर्यफुलाचं पुन्हापुन्हा वजन करून ते किती पाणी हवेत सोडतं हे दाखवलं आणि १७२७ साली छापलं. त्याच्याकडे तराजू होता आणि चिकाटी होती. एवढ्या लांब जायचं नसेल तर मुंबईत पाहा. १९२०च्या दशकात रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आर. एच. दस्तूर पानातल्या पाण्याचा प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो हे तपासत होते.

आणि आमच्याकडे काय नाही? भातसा नदीवरच्या पुलावरून मुरबाडच्या रस्त्याला लागा. फाल्गुनात पळस पानं गाळून फुललेला असतो, साग उघडा पडलेला असतो. ऐनाच्या खोडात पाणी साठतं आणि उक्षीची वेल कापून तहान भागवता येते, हे रानात फिरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ठाऊक आहे. आषाढात खाचरं तुडुंब भरतात, तरी चिखलातली भाताची मुळं गुदमरत नाहीत. मुळाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हवेच्या पोकळ्या दिसतात. ब्लेड आणि काचपट्टी, एवढाच खर्च.

दीप्तिकालितेच्या, म्हणजे दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरण्याच्या, धड्याचा तर मला संतापच येतो. हळवं, निमगरवं, गरवं भात हे शब्द ऐकत वाढलेली मुलं ‘मेरीलँड मॅमथ’ तंबाखूवर गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० साली काय लिहिलं ते घोकतात. गरव्या भाताचे कितीतरी जुने वाण दिवस लहान होऊ लागल्याशिवाय निसवत नाहीत. तोच सिद्धांत, घराच्या मागच्या शेतात! तरीही घरच्या भाताबद्दल एक प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही, आणि त्या मुलांना वाटत राहतं की विज्ञान दुसऱ्यांच्या गावात घडतं.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांना मी दोष देत नाही. ज्याला तासावर पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने रखडून, त्याने बुडबुडा सरकण्याची वाट कशाच्या जोरावर पाहायची? दोष आहे तो जागा न भरणाऱ्या सरकारचा, आणि सर्टिफाय केलेल्या जर्नलवर समाधान मानणाऱ्या विद्यापीठाचा.

परीक्षेची रीत बदला. सगळ्या वर्गाची रीडिंग दशांशापर्यंत जुळली तर सगळ्यांचे गुण कापा. ज्या मुलीचा प्रयोग फसला आणि का फसला हे जी पुराव्यानिशी सांगते, तिला पूर्ण गुण द्या. आणि पोटोमीटरच्या कपाटाची किल्ली जूनमध्येच मुलांच्या हाती द्या. फुटलेल्या काचेचा खर्च महाविद्यालयाने सोसावा.