'हक्क' म्हणजे 'उजवे' नव्हे

नंदुरबारला घरूनच मी एका जर्मन ग्राहकासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्याचं मराठी रूप तपासताना परवानग्यांच्या पानावर एक मजेशीर शब्द दिसला: 'उजवे'. मूळ शब्द होता 'राइट्स'. चूक आमचीच होती. भाषांतर करणाऱ्या यंत्राला आम्ही एकटा शब्द दिला होता, वाक्य दिलं नव्हतं.

इंग्रजीत 'राइट' म्हणजे उजवा, बरोबर आणि हक्कही. जर्मनमध्ये उजवीकडे म्हणजे 'रेश्ट्स', बरोबर म्हणजे 'रिश्टिश' आणि हक्क म्हणजे 'रेश्ट'. पण याच 'रेश्ट'चा अर्थ कायदा असाही होतो.

आपला 'हक्क' मुळात अरबी. तिथे त्याचा अर्थ सत्य असाही आहे. मराठीत तो इतका रुळला की संविधानाच्या मराठी भाषांतरात 'मूलभूत हक्क' आले. हिंदीत तेच 'मूल अधिकार' आहेत. धडगाव-अक्कलकुव्याचे आदिवासी बांधव २००६च्या कायद्याखाली 'वनहक्क दावे' करतात. त्यातला 'दावा'ही अरबीच. आणि शेजारच्या काकू ईदला शीरखुर्मा 'हक्काने' मागून घेतात. हा आपलेपणा जर्मन सहकाऱ्याला समजावताना मला एक शब्द पुरला नाही, आख्खी ईद सांगावी लागली.

मग हा शब्द आपल्याच तोंडी का येत नाही? मध्यंतरी अब्बांसोबत एका दाखल्यासाठी गेलो होतो. कागद पूर्ण होते, तरी अब्बा हात जोडून म्हणाले, "साहेब, मेहरबानी करा." मी इंजिनिअर, शेजारी गप्प उभा.

घरी येऊन वाचलं. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी. अर्जाची पोच मिळायला हवी. उशीर झाला किंवा अर्ज नाकारला, तर अपील करता येतं. कायद्याच्या नावातच 'हक्क' आहे. 'मेहरबानी' कुठेही नाही.

अब्बांच्या पिढीला मी दोष देत नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. आपल्याला मात्र मोबाइलवर सगळं वाचता येतं. म्हणून खिडकीशी गेलात की अदब सोडू नका, पण पोच मागा, मुदत विचारा. आणि मागे एखादे चाचा किंवा आदिवासी मावशी कागद धरून उभ्या असतील, तर त्यांचा अर्जही वाचून द्या. तेवढा त्यांचा आपल्यावर हक्क आहे.