स्क्रूड्रायव्हर पोरांच्या हाती द्या

‘गेमिंगचा पीसी? म्हणजे पोरगं वाया गेलं!’ हे मी फौजी क्वार्टर्समध्येही ऐकतो आणि पुण्याच्या नातेवाइकांकडूनही. वर सल्ला असतोच: घ्यायचाच तर कंपनीचा तयार घ्या, असेंबल्ड नको.

मी नेमकं उलटं सांगतो. बंगळुरूला पोस्टिंग आहे ना? मग पोराला घेऊन एसपी रोड गाठा, सुटे भाग घ्या आणि घरी त्यालाच जोडू द्या. आपण फक्त बाजूला बसायचं.

फौजेत रायफल चालवण्याआधी ‘खोलना-जोडना’ शिकवतात. आतले भाग ठाऊक नसतील, तर आपण हत्याराचे धनी नव्हे, हमाल.

पीसीचंही तेच. प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट जुळलंच पाहिजे. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली, तर महागडं ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून राहतं. चार पैसे वाचवायला फडतूस एसएमपीएस घेतला, तर सगळंच धोक्यात. ठरलेल्या पैशांत कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा, हे कुठला क्लास शिकवतो?

वॉरंटी? प्रत्येक भागाची वेगळी मिळते; पक्कं बिल मागा म्हणजे झालं.

आणि आपल्या बदल्या! सामान ट्रकात चढवण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधावं लागतं, नाहीतर हादऱ्यांनी त्याचा स्लॉट तुटू शकतो. ज्याने जोडलंय, तो न सांगता काढतो.

खेळायचे तास जरूर ठरवा. पण हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊ नका.