कारस्थाने उदंड, कादंबरी कोठे?

दिवाळीच्या सुटीत फराळाची ताटे आवरली, मुलांची फटाक्यांची हौस भागली, की घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो: ‘वाचायला काही झणझणीत आहे का?’ आमच्या हसनाबादेतही तो निघतो. हसनाबाद हे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले गाव. पुस्तकांच्या बाबतीत माझी सारी भिस्त जालन्यावर, छत्रपती संभाजीनगरावर आणि पोस्टाच्या पार्सलावर. त्यामुळे कोणते पुस्तक मागवावे याचा विचार मला चार वेळा करावा लागतो, आणि त्या विचारातूनच माझी ही तक्रार जन्मली आहे. मला हवी असते उत्तम कारस्थानकथा, आणि मराठीत नेमकी तीच मिळत नाही!

कारस्थानकथा म्हणजे खुनाची रहस्यकथा नव्हे. खुनाच्या कथेत एक प्रेत असते, पाचसहा संशयित असतात आणि शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार सापडला की सगळे सुखाने घरी जातात. कारस्थानकथेत गुन्हेगार एकटा नसतो. त्याच्या पाठीशी खुर्ची असते, शिक्का असतो, पैसा असतो. ज्याच्याकडे फिर्याद न्यावी तोच कटात सामील असण्याचा संभव असतो. ‘कोणी केले?’ हा तिचा प्रश्न नव्हे. ‘कोणाच्या हिताचे होते, आणि ते दडवायला कोणाकोणाचे हात लागले?’ हा तिचा प्रश्न.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, मराठीत रहस्यकथा काय थोड्या आहेत?’ थोड्या मुळीच नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तके लिहिली. त्यांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने दोन पिढ्यांची झोप उडवली. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासवर महाविद्यालयीन पोरे जीव टाकीत. या मंडळींनी मराठी माणसाला वाचायची गोडी लावली, आणि त्यांना नाके मुरडणाऱ्या पंडितांबद्दल मला काडीचा आदर नाही. पण खरे तेही सांगितले पाहिजे. महिन्यामहिन्याला पुस्तक हातावेगळे करायचे असले की नायकाची पिस्तूल वेळेवर चालते आणि योगायोग चाकरासारखा दाराशी हजर राहतो. कारस्थान मात्र अशा घाईने शिजत नाही. त्याला कागद लागतात, तारखा लागतात, कचेरीचा कारभार ठाऊक असावा लागतो.

मला विशेष राग आहे तो समीक्षकांचा. त्यांनी साहित्याच्या घरात सोवळे-ओवळे मांडले. सामाजिक कादंबरी सोवळ्यात, रहस्यकथा ओसरीवर! परिणाम असा झाला की ज्यांना राज्यकारभार कळत होता, त्यांनी हा प्रकार हलका म्हणून हाती धरला नाही. आणि ज्यांनी हाती धरला, त्यांच्याकडून कोणी चांगल्याची अपेक्षाच केली नाही. अरुण साधूंचे ‘सिंहासन’ १९७७ साली आले. त्यात मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवती चाललेला डाव एका पत्रकाराच्या डोळ्यांनी दिसतो आणि वाचक पुस्तक खाली ठेवीत नाही. त्याला आपण राजकीय कादंबरी म्हणून मान दिला, हे योग्यच झाले. पण त्या वाटेने पुढे किती जण गेले?

आणि हे सोवळे आले तरी कोठून? आपल्या परंपरेत तर ते नव्हते. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ घ्या. संस्कृत नाटकांत नायिकेवाचून आणि प्रणयावाचून उभे राहिलेले हे विलक्षण नाटक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक कारस्थान आहे. राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती पडते. एक पत्र ज्याच्याकडून लिहवून घेतले, त्या शकटदासालाच त्याचा हेतू ठाऊक नसतो. चाणक्य आणि चंद्रगुप्त भांडणाचे सोंग आणतात. शत्रूच्या गोटातला विश्वासू माणूस चाणक्याचाच निघतो. आणि हे सारे कशासाठी? राक्षसाला मारण्यासाठी नव्हे, तर त्याच्यासारखा निष्ठावंत अमात्य चंद्रगुप्ताला मिळावा यासाठी! इतका उंच हेतू आणि इतकी काळी साधने यांची सांगड घालणारे किती लेखक आज जगात सापडतील?

इतिहासाकडे वळा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. आपण काय लक्षात ठेवले? ‘ध’चा ‘मा’! एका अक्षरात सारे प्रकरण गुंडाळले आणि आनंदीबाईच्या माथी मारले. दंतकथेला एक अक्षर पुरते. कादंबरीला ते पुरत नाही. तिला विचारावे लागेल की गारद्यांना आत कोणी येऊ दिले, पैसा कोणी कबूल केला, कोणाला आधी कुणकुण होती आणि तो गप्प का बसला. पुढे रघुनाथरावांविरुद्ध नाना फडणीस, सखारामबापू आदींनी जे उभे केले, त्याला तर नावच मुळी बारभाईंचे कारस्थान असे पडले. ज्या भाषेने राज्य सावरणाऱ्या मुत्सद्द्यांच्या खटपटीला हे नाव दिले, त्या भाषेत या जातीच्या कादंबऱ्यांचा दुष्काळ असावा, याला काय म्हणावे?

आता घरचेच सांगतो. आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून संस्थानात विमानाने शस्त्रे आणून टाकीत होता. शरणागतीनंतर अवघ्या तीन दिवसांनी, २० सप्टेंबरला, लंडनच्या एका बँकेतील निजाम सरकारचे सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. मार्च १९५० मध्ये संस्थानचे अखेरचे पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून नाहीसे झाले आणि पाकिस्तानात प्रकट झाले. त्या दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने ते भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने दिले. एकाहत्तर वर्षे चाललेले प्रकरण! विमाने, पैसा, पळून गेलेला पंतप्रधान, न्यायालय, सगळे आयते आहे. हे जर एखाद्या इंग्रज लेखकाच्या परसात घडले असते, तर एव्हाना त्यावर डझनभर कादंबऱ्या निघाल्या असत्या आणि त्यांची भाषांतरे आपण येथे हौसेने वाचली असती.

भाषांतरांशी माझे भांडण नाही. फ्रेडरिक फोर्साइथने १९७१ साली ‘द डे ऑफ द जॅकल’ लिहिली, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल गोळीने मेले नाहीत, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. तरीही पुस्तक सुटत नाही, कारण खोटा पारपत्र कसा मिळवला, बंदूक कशी दडवली, पोलिसांनी कागद कसे चाळले, हे त्यात पायरीपायरीने दिसते. पॅरिसमध्ये वार्ताहर म्हणून काढलेले दिवस त्याच्या कामी आले. आमच्याकडे मंत्रालय, जिल्हा परिषद, साखर कारखाना आणि बाजार समिती आतून पाहिलेले वार्ताहर थोडे आहेत काय?

मग एवढा आटापिटा कशासाठी, कादंबरी म्हणजे चार घटकांची करमणूक ना, असे कोणी विचारील. करमणूक तर आहेच. पण गावोगाव हातात मोबाइल आला आहे आणि त्यावर रोज नवे कारस्थान येऊन पडते. अमक्या औषधात विष आहे, तमक्या जातीने डाव टाकला आहे, सारे ठरवून चालले आहे! ना पुरावा, ना तारीख, ना साक्षीदार. असल्या अफवांनी माणसे मेली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. कारस्थानाची भूक माणसाला असतेच. तिला सकस अन्न मिळाले नाही, तर ती उकिरड्यावर जाते. चांगली कारस्थानकथा वाचकाला संशय घ्यायला शिकवते आणि त्याच दमात पुरावा मागायलाही शिकवते. अफवा संशय तेवढा देते, पुराव्याचे नाव काढीत नाही.

म्हणून निवड करताना मी चार कसोट्या लावतो. त्या वाचकांनीही लावून पाहाव्यात. कटातल्या प्रत्येकाचा त्यात फायदा काय, हे सांगता येते का? गुपित ठाऊक असलेली माणसे मोजकी आहेत का? कारण शंभरांना ठाऊक असलेले गुपित राहत नाही. शोध लावणाऱ्याला योगायोगापेक्षा कष्टाने यश मिळते का? आणि शेवट कळल्यावर पहिले प्रकरण पुन्हा वाचले, तर ते जुळते का? चारांपैकी तीन उत्तरे होकारार्थी आली, तर पुस्तक खुशाल विकत घ्या.

लेखकांना आणि प्रकाशकांना माझे सांगणे एवढेच की, आम्ही खेड्यातले वाचक झणझणीत मागतो म्हणून आम्हांला शिळे वाढू नका. आणि वाचकहो, पुढच्या दिवाळीआधी आपापल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाकडे मराठीतली अस्सल कारस्थानकथा नाव घेऊन मागा. मागणी वहीत चढू द्या. मागणाऱ्यांची संख्या वाढली, की लिहिणारेही पुढे येतील.