आपले मौनही मोजले जाते

नॉर्थ कॅरोलायनातील मॉरिसव्हिल हे सुमारे तीस हजार वस्तीचे गाव. रिसर्च ट्रँगल पार्क जवळ असल्यामुळे गेल्या दोन-तीन दशकांत येथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली. आज गावाच्या लोकसंख्येत आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. त्यांत आपली, बाबासाहेबांचा वारसा सांगणारी कुटुंबेही आहेत. आपल्या घरांत दोन विषय वारंवार निघतात : ग्रीन कार्ड कधी मिळणार, आणि आडनाव ऐकून समोरच्या भारतीय माणसाची वागणूक बदलेल काय. पहिला विषय आपण चारचौघांत बोलतो, दुसरा दार लावून घेऊन. या दोन्ही प्रश्नांची तड मात्र कायदेमंडळांतच लागणार आहे, आणि कायदेमंडळे कोणत्या दिशेने वळतात हे त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या लोकमतावर ठरते.

लोकमताचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. मॉरिसव्हिलपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर ग्रीन्सबरो आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी तेथील वूलवर्थच्या दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाद्य-काउंटरवर बसले. त्यांना खाद्य नाकारले गेले. ते उठले नाहीत. पाहता पाहता ही चळवळ दक्षिणेतील शहराशहरांत पसरली. त्याच एप्रिलमध्ये रालेच्या शॉ विद्यापीठात विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली आणि जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला. नागरी हक्क कायदा मात्र १९६४ साली आला. तोही सहजासहजी नव्हे. दक्षिणेतील सिनेटरांनी भाषणे लांबवून विधेयक दोन महिन्यांहून अधिक काळ अडवले. नॉर्थ कॅरोलायनाच्या दोन्ही सिनेटरांनी विरोधात मत दिले. तरीही १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी ती कोंडी फुटली. पुढच्याच वर्षी, त्याच समतेच्या लाटेत, देशवार कोटा रद्द करणारा स्थलांतर कायदा झाला. आपण आज येथे आहोत ते या कायद्यामुळे. ग्रीन्सबरोच्या त्या चार तरुणांचे ऋण आपल्या प्रत्येक कुटुंबावर आहे.

आपल्याला हा क्रम अनोळखी नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पाण्याला हात लावण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. महाडात कायदा आधी आला आणि लोकमत मागे राहिले. ग्रीन्सबरोत लोकमत आधी जागे झाले आणि कायदा मागून आला. दोन्हींचा धडा एकच : कायदा आणि लोकमत यांपैकी एकच हाती असेल तर समता अर्ध्या वाटेवर थांबते.

आता ग्रीन कार्डाकडे पाहू. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर रोखलेला आहे. म्हणून भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली. आईवडिलांच्या अर्जावर विसंबलेली मुले रांगेतच एकवीस वर्षांची होऊन बाहेर पडतात. ही मर्यादा काढण्याचे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड बहुमताने संमत झाले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपला वेगळा मसुदा संमत केला. दोन मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक विरले. याउलट, सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले ते अध्यक्षांच्या एका घोषणापत्राने. विदेशी कामगारांविषयीची नाराजी राजकारणात तीव्र झाली होती, त्या वाऱ्यावर हा निर्णय आला. काँग्रेस जेथे अडते तेथे प्रशासन लोकमताचा कल पाहून पुढे सरसावते.

जातीच्या प्रश्नाचा प्रवासही असाच आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटलच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी आयेशा वहाब यांचे विधेयक मोठ्या बहुमताने संमत केले. पाठीराख्यांनी सॅक्रामेंटोत उपोषण केले. विरोधी हिंदू संघटनांनीही आपली सारी शक्ती लावली. ७ ऑक्टोबर रोजी गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. वंशावळीवरून होणाऱ्या भेदावर आधीच बंदी आहे, सबब नव्या कायद्याची गरज नाही, असे कारण त्यांनी दिले. बरोबर आठवड्याने मेरीलँडमध्ये बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळ्याचा आनंद आपल्याला झालाच. पण त्या सप्ताहात आपल्या हातून काय गेले याचाही विचार करायला हवा.

ग्रीन कार्डाच्या रांगेत आपण आणि आपले सवर्ण शेजारी बरोबर उभे असतो. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात त्यावेळी ‘भारतीय समाज’ एका आवाजात बोलतो आणि ते योग्यच आहे. मात्र जातीचा विषय निघाला की त्याच समाजाच्या नावाने ‘हा प्रश्न येथे नाहीच’ असे सांगितले जाते. प्रतिनिधीला आडनावांतला फरक कळत नाही. जो बोलतो तो समाज, असा त्याचा साधा हिशेब असतो. आपण गप्प राहिलो तर आपली संख्या कोऱ्या खात्यात जात नाही. ती न विचारता विरोधकांच्या खात्यात जमा होते.

आपल्यापैकी अनेकांना येथे मत नाही, हे खरे. पण जनगणना नागरिकत्व न पाहता प्रत्येक रहिवाशाला मोजते. २०२० च्या गणनेनंतर नॉर्थ कॅरोलायनाला प्रतिनिधिगृहात चौदावी जागा मिळाली, ती या मोजणीवरच. गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाची पहिली दुरुस्ती देते आणि तो नागरिकांपुरता राखलेला नाही. या राज्याच्या कायद्याने नगर परिषदांना महिन्यातून किमान एकदा रहिवाशांचे म्हणणे ऐकावे लागते. १९१९ साली साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा अस्पृश्यांपैकी कितीजणांना मताधिकार होता? मताधिकार नाही म्हणून ते गप्प बसले नाहीत. मताधिकार मिळावा म्हणून बोलले, आणि आपल्या लोकांचे म्हणणे इतरांनी सांगावे हे त्यांनी मान्य केले नाही.

ज्यांचा व्हिसा मालकाच्या सहीवर टिकून आहे, त्यांची भीती आम्ही खोटी मानत नाही. नोकरी गेली तर घर, शाळा, सारेच उठते. म्हणून पहिली जबाबदारी नागरिकत्व मिळालेल्यांची आहे. त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवावे, प्रतिनिधीला स्वतःच्या नावाने पत्र लिहावे, आणि व्हिसावर असलेल्या बांधवांचे अनुभव नावे न सांगता त्यात मांडावेत. येथे जन्मलेली आपली मुले अठराव्या वर्षी मतदार होतील. त्यांना ग्रीन्सबरो आणि महाड ही दोन्ही नावे एकाच वेळी शिकवावीत. मध्यावधी निवडणुका असोत वा टाऊन काउन्सिलची बैठक, आपली खुर्ची रिकामी राहू नये.

धम्म आपल्याला सम्यक वाचा शिकवतो. खोटे न बोलणे हा तिचा एक भाग झाला. जेथे बोलणे आवश्यक आहे तेथे खरे बोलणे हाही तिचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

जय भीम!