पेंग्विनसाठी रडावे काय?

गेल्या श्रावणातील एका शनिवारची गोष्ट. सकाळपासून पावसाने असा जोर धरला होता, की मैदानावरचा तास घेणे अशक्यच होते. तेव्हा आठवीच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या खोलीत बसवून आम्ही ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ हा माहितीपट दाखविला. ल्यूक जाके या फ्रेंच दिग्दर्शकाचा हा चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. निवेदन इंग्रजीत असल्यामुळे मी तो मधूनमधून थांबवून अर्थ सांगत होते. वीजही दोनदा गेली. त्यामुळे सव्वा तासाच्या चित्रपटाला दोन तासांहून अधिक वेळ लागला; परंतु एकही मूल जागेवरून हलले नाही.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी त्यातील वृत्तान्त सांगते. सम्राट पेंग्विन हा पेंग्विनांतील सर्वांत मोठा पक्षी. उंची १ मीटरहून अधिक. त्याला उडता येत नाही, आणि त्याचे अन्न सारे समुद्रात. असे असूनही पिल्ले वाढविण्यासाठी तो समुद्र मागे टाकून गोठलेल्या बर्फावरून कित्येक मैल चालत जातो, आणि तेही दक्षिण ध्रुवाकडील हिवाळा तोंडावर आला असता. मे-जूनच्या सुमारास मादी एकच अंडे घालते. घरटे म्हणून काही नाहीच. ती ते अंडे नराच्या पायांवर सरकविते आणि पोटात अन्नाचा कण नसताना पुन्हा समुद्राकडे निघते. नर ते अंडे पायांवर तोलून, पोटाखालच्या कातडीच्या घडीत झाकून, सुमारे ६५ दिवस उभा राहतो. उणे ४० अंशांची थंडी आणि उसळलेला झंझावात यांत शेकडो नर एकमेकांना चिकटून उभे असतात. समुद्र सोडल्यापासून मोजले, तर त्याचा उपवास जवळजवळ ४ महिन्यांचा होतो.

अंडे सरकविण्याचे काम सर्वांनाच साधते असे नाही. चित्रपटात एका तरुण जोडप्याचे अंडे निसटून बर्फावर पडते आणि काही क्षणांत गोठून तडकते. ते दोघे त्याकडे मान वाकवून पाहत राहतात. या ठिकाणी वर्गात पहिला हुंदका ऐकू आला, आणि मग एकामागून एक. मागच्या बाकावरची तीन-चार मुले मोठ्याने हसली. ती का हसली, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको. डोळे त्यांचेही कोरडे नव्हते.

पुढे एका मादीचे पिल्लू वादळात मरते आणि ती दुसरीचे पिल्लू ओढू लागते. तेव्हा रडणारा तोच वर्ग एकदम संतापला. “चोर! चोर!” असे आवाज उठले. आणि नराला अंडे राखीत उभे पाहून एका मुलाने जाहीर केले, की सर्व वडिलांनी हा चित्रपट पाहिला पाहिजे.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत यावर बराच वाद झाला. आमच्या शाळेचे विज्ञानशिक्षक मितभाषी गृहस्थ आहेत. पण त्या दिवशी ते स्पष्टच बोलले. “बाई, मुले पेंग्विनसाठी रडली नाहीत. ती वाद्यांच्या सुरावर रडली. श्रावण आहे म्हणून बरे. एरवी यांतील निम्मी मुले दुपारी घरी जाऊन कोंबड्याच्या शागोतीवर ताव मारतील, आणि त्या कोंबड्यासाठी कोणी टिपूस गाळणार नाही.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मूळ फ्रेंच चित्रपटात तर नट-नटी पेंग्विनांचे मनोगतच बोलून दाखवितात. इंग्रजी आवृत्तीत त्याऐवजी एकाच निवेदकाचा गंभीर आवाज आहे. पक्षी मुकाट्याने उभा असतो आणि त्याच्या वतीने प्रेम, विरह, आशा हे शब्द आपण उच्चारतो. शिवाय त्याची चालण्याची ढब! आमच्या घरी कोंकणीत पाखराला ‘सुकणें’ म्हणतात, आणि तो शब्द कानी पडला की चिमणी-साळुंकीएवढे काहीतरी डोळ्यांपुढे येते. ही काळा कोट घालून डुलत चालणारी आकृती पाहून मला स्वतःला सुकणें आठवले नाही, लग्नमंडपातले वरपक्षाचे वडीलधारे आठवले. माणसासारखा दिसतो म्हणून माणसासारखाच त्याला न्याय लावावयाचा, ही चूक येथूनच सुरू होते.

ही चूक केवळ आठवीतील मुले करतात असेही नाही. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत काही मंडळींनी तो एकनिष्ठ दांपत्यजीवनाचा आदर्श म्हणून वाखाणला होता. वस्तुतः सम्राट पेंग्विनांची जोडपी त्या एका हंगामापुरती एकत्र असतात. पुढच्या वर्षी बहुतेक पक्षी नवा जोडीदार निवडतात. ज्या मादीला आमच्या मुलांनी चोर ठरविले, तिचेही तसेच. पिल्लू मेल्यानंतरही तिच्या रक्तातील प्रोलॅक्टिन नावाच्या द्रव्याचे प्रमाण चढेच राहते. पिल्लाची निगा राखण्याची प्रेरणा त्या द्रव्याशी निगडित आहे. पिल्लू गेले तरी प्रेरणा जात नाही, म्हणून ती समोर दिसेल ते पिल्लू ओढते. तिला चोर म्हणणे जितके व्यर्थ, तितकेच त्या नराला आदर्श पिता म्हणणेही व्यर्थ. पक्ष्याने आपल्याला नीतिपाठ देण्याचा मक्ता घेतलेला नाही.

इतके मान्य करूनही मला आमच्या विज्ञानशिक्षकांचा निष्कर्ष पटला नाही. निवाडा खोटा ठरला म्हणून अश्रूही खोटे ठरतात काय? याची परीक्षा पाहावी म्हणून पुढच्या शनिवारी मी त्याच वर्गाला चित्रपटाचा मधला अर्धा तास पुन्हा दाखविला. मात्र या वेळी आवाज पूर्ण बंद ठेवला. वाद्ये नाहीत, निवेदन नाही, माझे भाषांतरही नाही. बाहेर पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज.

प्रथम मुले कंटाळली. मग त्यांना दिसू लागले. नरांचा तो घोळका स्थिर नसून इंचाइंचाने सतत सरकत आहे, हे एका मुलीने हेरले. बाहेरचे पक्षी आतल्या उबेत येतात आणि आतले पुन्हा बाहेर पडतात. नर टाचांवर तोल घेऊन बोटे बर्फापासून वर उचलतो, हे मागच्या बाकावरील हसऱ्या मंडळींपैकी एकाच्या ध्यानात आले. पहिल्या खेपेला यांतले काहीच कोणी पाहिले नव्हते, मीही नाही. आणि अंडे तडकले तेव्हा संगीत नसतानाही वर्गातील काही डोळे भरलेच. संख्या कमी होती, हे खरे. पण या वेळी कोणी हसले नाही.

त्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे वडील मालवाहू जहाजावर नोकरीला असतात. आमच्या भागात अशी घरे पुष्कळ. ‘तारवटी’ म्हटले की सर्वांना समजते. वर्षातील आठ-नऊ महिने ते घराबाहेर. ही मुलगी अंडे फुटले तेव्हा रडली नव्हती. माद्या समुद्रावरून परत येतात, हजारोंच्या कोलाहलात आपल्या जोडीदाराला हाक देतात, आणि तो नेमका तीच हाक ओळखून उत्तर देतो, त्या आनंदाच्या प्रसंगी ती रडली होती. या दुसऱ्या खेपेला चित्रपट संपल्यावर तिने विचारले, “बाई, आई परत येणार हे त्या नराला कसे ठाऊक असते?”

मी विज्ञानशिक्षकांना वर्गात बोलावून आणले. त्यांनी काही लपवून ठेवले नाही. ते म्हणाले, “आपण ज्या अर्थाने ‘ठाऊक’ म्हणतो, तसे त्याला काही ठाऊक असेल असे मला वाटत नाही. त्याच्या शरीरात चरबीचा साठा असतो, त्यावर तो उभा असतो. मादीला उशीर झाला आणि पिल्लू आधीच बाहेर आले, तर तो आपल्या अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून काही दिवस त्याला जगवितो. पण साठा एका मर्यादेखाली उतरला, की तो अंडे किंवा पिल्लू तेथेच टाकून समुद्राकडे निघून जातो. न गेला तर तोही मरेल.”

वर्ग स्तब्ध झाला. मला क्षणभर त्यांचा राग आला. चौदा वर्षांच्या मुलीला, त्यातून या मुलीला, हे सांगणे जरूर होते काय? ती थोडा वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “पण सर, तोवर तो उभा राहतो, हे तरी खरे ना?”

“ते खरे,” सर म्हणाले.

त्या दिवसापासून माझे मत ठरले आहे. मुलांना रडू आले तर येऊ द्यावे. त्यांची थट्टा करू नये आणि कोमल अंतःकरणाबद्दल पाठही थोपटू नये. आणि डोळे पुसून झाले, की जे खरे आहे ते सर्व सांगावे, कटू असले तरी. ज्या मुलीला आपण दुबळी समजलो होतो, तिने त्या कटू सत्यातून आपल्याला हवे तेवढे उचलले. आम्ही दोघे शिक्षक मिळून तिला ते देऊ शकलो नसतो.

काही पालकांनी या लेखाची चाहूल लागताच मला विचारले, की रडून उपयोग काय? उपयोगाचे एक उदाहरण मजजवळ आहे. २०१८ साली ब्रिटनच्या बीबीसीने ‘डायनॅस्टीज’ ही मालिका दाखविली. त्यातील सम्राट पेंग्विनांचा भाग चित्रित करणारे लोक कित्येक महिने अंटार्क्टिकातच राहिले होते. निसर्गात ढवळाढवळ करावयाची नाही, हा त्यांच्या व्यवसायाचा दंडक. परंतु वादळानंतर काही पेंग्विन पिल्लांसह बर्फाच्या एका घळीत अडकले आणि चढ इतका उभा, की त्यांना वर येता येईना. तेव्हा या लोकांनी फावडी घेतली आणि बर्फात एक उतार खणून दिला. पक्ष्यांना हात लावला नाही, उचलून आणले नाही. वाट तेवढी केली. काही पक्षी त्या वाटेने वर आले. यावर अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ चर्चा झाली. मला विचाराल तर त्यांनी केले ते योग्यच केले. मात्र फावड्याने सुटण्याजोगे संकट दर वेळी समोर येत नाही.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा २०२२ सालची हकीकतही सांगणे भाग पडले. त्या वर्षी अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात पिल्लांना पाणी न शिरू देणारी पिसे फुटण्यापूर्वीच पायाखालचा समुद्रबर्फ फुटून गेला. समुद्र तापत असताना बर्फ असा वेळेआधी जाण्याचा धोका वाढतो. तेथील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत त्या हंगामात बहुधा एकही पिल्लू तगले नसावे, असे शास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केले.

मागच्या बाकावरचा तो हसरा मुलगा उठला. पहिल्या शनिवारी सर्वांत मोठ्याने तोच हसला होता. त्याने विचारले, “बाई, तेव्हा तिथे कॅमेरा होता का?”

नव्हता. उपग्रहाने आकाशातून घेतलेली छायाचित्रे होती. त्यांत पक्षी दिसत नाहीत. त्यांच्या विष्ठेने बर्फावर पडलेले तपकिरी डाग दिसतात. काही आठवडे ते डाग दिसत होते, आणि मग तेथे पाणी दिसू लागले.