अठरा भोकं आणि एक गायरान

दोस्तहो, आपल्या चळवळीत एक नवी जमात निघालीय. कडक इस्त्रीवाली. ती म्हणते, खेळबिळ ही पोट भरलेल्यांची थेरं. पोरांनी मोर्चाला यावं, घोषणा द्याव्यात, सतरंज्या उचलाव्यात आणि गुमान घरी जावं. त्यात गोल्फचं नाव काढलं की मग विचारूच नका. 'गोल्फ? अरे, तुम्ही गोदीतले हमाल! मालकांचा खेळ खेळता?'

हो, आम्ही हमाल. कंत्राटावर लोखंड उतरवणारे. म्हणूनच बोलतो.

गोल्फ म्हणजे काय? एक काठी, पंचेचाळीस ग्रॅमांच्या आसपासचा चेंडू आणि जमिनीत सव्वाचार इंचांचं भोक. यात विलायती काय आहे? आपल्या विटीदांडूलाही जमिनीत खळी लागतेच. काठी कुणीही करील, चेंडू कुठूनही आणील. अडतं ते जमिनीपाशी. अठरा भोकं मांडायची तर शंभर-सव्वाशे एकर लागतात. हा खेळ काठीचा नाही, सातबाऱ्याचा आहे. मला सांगायचंय ते एवढंच.

१८२९ साली गोऱ्यांनी कलकत्त्यात गोल्फचा क्लब काढला. १८४२ साली मुंबईत. त्यांच्या बड्या क्लबांत काळ्या माणसाला मज्जाव होता. तेव्हा राजेरजवाडे, शेठ, बॅरिस्टर यांच्या काळजाला घरं पडली. मग १९१८ साली गव्हर्नर विलिंग्डननं दोघांसाठी मिळून क्लब काढला. काळा शेठ आत गेला आणि समता आली म्हणाले! त्या शेठच्या मागं खांद्यावर पिशवी घेऊन चालणारा कोण होता, हे कुणी विचारलं नाही. कातडीचा भेद त्यांना झोंबला. जातीचा भेद त्यांनी सोबत आत नेला.

आता चेंबूरला या. तिथं १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. हिरवंगार, अठरा भोकांचं मैदान. शेजारी झोपडपट्टी. २००३ च्या दुष्काळात जामखेड तालुक्यातून आमचं बिऱ्हाड त्याच भागात येऊन पडलं. आमच्या गल्लीत कॅडी राहायचे. दिवसभर साहेबाची पिशवी वाहायची, चार-चार तास उन्हात चालायचं. आणि संध्याकाळी? बांधकामावरची सळई वाकवून काठी करायची, प्लॅस्टिकचा चेंडू घ्यायचा आणि गटारं, पत्रे, धुण्याच्या दोऱ्या चुकवत गल्लीत गोल्फ खेळायचा. जगात वाहवा झाली त्याची, फोटो छापून आले. फोटोत हसणारी पोरं दिसली. त्यांच्याकडं मैदान का नाही, हे फोटोत कुठं दिसणार!

कॅडीला काय येत नाही? उतार कुठं, वारा कुठून, भोक किती यार्डांवर, कुठली काठी घ्यायची, सगळं तो सांगतो. गवताची पात न् पात त्याला पाठ. पण सांगायचं त्यानं आणि मारायचं साहेबानं.

हे कुठं पाहिल्यासारखं वाटतंय का भावांनो? गावगाड्यात पाहा. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराला पुढं घालायचे. तो चालेल ती शीव. एवढा त्याचा शब्द खरा! सगळ्या गावाची जमीन ज्याच्या पायाला पाठ, त्याच्या वाट्याला वतनाचा तुकडा आणि त्यापायी जन्माची वेठ. वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. पिशवी अजून खांद्यावर आहे.

आणि 'खेळात जात नसते' म्हणणाऱ्या शहाण्यांनो, पळवणकर बाळू आठवा. चांभाराचा पोर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या जिमखान्यात त्यानं खेळपट्टी लाटली, साहेबांना तासन् तास चेंडू टाकले. बॅट हातात मिळाली नाही. हिंदूंनी त्याला संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. पण चहाच्या वेळी तो मंडपाबाहेर, मातीच्या कुल्हडात. १९११ साली त्यानं विलायतेत शंभरावर बळी घेतले. चेंडू चालतो, कप चालत नाही!

यंदाच्या उन्हाळ्यात टोळीतले आम्ही चौघं माझ्या गावी गेलो. गोल्फ सुटून मला दहा वर्षं झाली होती. दहा एमएमच्या दोन सळया वाकवल्या, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. गावाच्या गायरानात खुरप्यानं चार भोकं पाडली. पहिला चेंडू बाभळीत गेला. दुसरा शेरडांच्या कळपात. तिसरा असा सणसणीत बसला की खांद्यातली गोदी निघून गेली. शेरडं राखणारी म्हातारी म्हणाली, "एवढं लोखंड वाकिवलं, त्यात एखादं खुरपं तरी झालं असतं की रं!" आम्ही पोट धरून हसलो. मालाशिवाय, मुकादमाशिवाय चार माणसं उन्हात नुसती चालत होती. पहिल्यांदा.

मग बुलेट आली. "कुणाची पोरं रं तुम्ही? कुणाला इचारून भोकं पाडली? जागा गावाची हाय." म्हणजे आम्ही गावाचे नाही! आम्ही उत्तर दिलं नाही. चौथं भोक राहिलं होतं, ते खेळलो.

गायरान कुणाच्या बापाचं? ते सरकारी आहे. त्याच जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन दलितांनी कसलेली गायरानं त्यांच्या नावावर करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला. सुप्रीम कोर्टानं २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा म्हटलं, पण भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही लिहिला. नोटीस घेऊन येणारा तलाठी तो अपवाद घरी विसरून येतो.

तेव्हा इस्त्रीवाल्यांनो, खेळाला चैन म्हणू नका. ज्याला घाम गाळायलाच जमीन मिळते आणि हसायला मिळत नाही, तो गुलाम. आम्हाला क्लबाचं कार्ड नको. साहेबांच्या रांगेत शेवटची जागा नको. कसलेल्या गायरानाचा सातबारा हवा, आणि दर वस्तीला पोरांसाठी मैदान हवं, सरकारी कागदावर, शिक्क्यानिशी. पुढचा मोर्चा तहसीलवर निघेल तेव्हा मागण्यांच्या यादीत हे लिहा. सतरंजीखाली नाही, पहिल्या पानावर.

शीव आम्हीच चालून दाखवली होती. आता आमची शीव आम्ही चालणार.