रिपोर्ट नॉर्मल, पोटाचं काय?

थंडी पडली की आपल्या खान्देशात भरीत पार्टी ठरलेलीच! आणि त्या रात्री कुणाचं पोट दुखलं की रूमवरची डॉक्टरकीही ठरलेली: ओवा खा, सोडा पी, झोप. मागच्या हिवाळ्यात माझ्या रूममेटने एक पाऊल पुढे टाकलं. दुखायला लागल्यावर दोन तासांत थेट लॅब गाठून रक्त दिलं. पांढऱ्या पेशी ठीक, सीआरपी नॉर्मल. ‘गॅस असेल रे, झोप,’ हे मीच म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच्या अपेंडिक्सचं तातडीने ऑपरेशन झालं.

रिपोर्ट खोटा नव्हता, आमची घाई चुकली. सीआरपी हे प्रथिन शरीरात सूज आली की यकृत तयार करतं. पण रक्तात ते वाढायला साधारण सहा ते बारा तास जातात आणि सगळ्यात वर पोचायला दोनेक दिवस. म्हणून तर स्वादुपिंडाला सूज आली की डॉक्टर 48 तासांनंतरचा आकडा बघतात. तो लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या वर गेला तर आजार गंभीर असण्याची शक्यता धरतात. शिवाय सीआरपी वाढलाच, तरी सूज पोटात आहे की घशात, हे तो सांगत नाही.

अपेंडिक्स ओळखायला डॉक्टर 1986 पासून अल्वाराडो स्कोअर वापरतात. त्यातल्या 10 गुणांपैकी रक्ताच्या तपासणीला फक्त 3. उरलेले 7 कशाला? दुखणं बेंबीजवळून उजवीकडे खाली सरकलं का, भूक मेली का, मळमळतंय का, दाबल्यावर आणि हात सोडल्यावर दुखतं का, ताप आहे का. म्हणजे तुमचं बोलणं, डॉक्टरांचा हात आणि थर्मामीटर!

मान्य, सिव्हिलला रांग असते. घरी चोपड्याला किंवा साक्रीला फोन केला तर आई घाबरते. लॅब त्या मानाने सोपी वाटते. पण तपासणी कधी आणि कोणती करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त दुखणं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा. ती वेळ कळल्याशिवाय रिपोर्टला अर्थ नाही.

दुखणं वाढत असेल, उलट्या थांबत नसतील, पोट कडक झालं असेल, तर 108 लावा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. आणि रूममेट कण्हत असेल, तर माझ्यासारखं ‘झोप’ म्हणू नका. गाडी काढा.